देवाच्या वाट्याची शेळी

दक्षिणेचा तळ, जवाची कापणी संपता संपता

होग्ला आत्यास एल्दादचं लोटांगण. परमेश्वर तुला आज, अगदी आजच, चांगली बातमी ऐकवो, आणि ती या खापरावर लिहिलेलीच असो.

आधी रागावून घे, मग पुढे वाच. तू मला मडक्यांसाठी माती आणायला पाठवलंस आणि मी लढाईला आलो, हे खरं आहे. पण वाटेत रणशिंग वाजत होतं, आणि मातीच्या खाणीपाशी कोणीच काही वाजवत नव्हतं. टोपली खाणीजवळच्या तिळवणाच्या झुडपाखाली उलटी घालून ठेवली आहे. कोणी नेली नसेल तर आण.

लढाई कशी झाली ते सांगतो. झालीच नाही. हे वाळवंटातले लुटारू दरवर्षी आपली खळी लुटून जातात, म्हणून महाराजांनी सगळ्या टोळ्यांतून माणसं बोलावली. माणसं आली, पण हत्यारं कुठे होती? धड तलवार म्हणशील तर महाराजांची. बाकी आम्ही कुऱ्हाडी, विळे आणि बैल हाकायच्या पराण्या घेऊन उभे. समोर उंटांची रांग. माझ्या शेजारी रेखेम म्हणून एक जण होता, त्याचा पुढचा दात पडलेला, तो त्या फटीतून कुठल्याही पक्ष्याची शीळ काढतो. तितराची तर अशी काढतो की तितर येऊन बघून जातात. तर तो तितराची शीळ घालत होता आणि वरून गारा आल्या. आत्या, अंजिराएवढ्या गारा, आणि पडल्या फक्त पलीकडे. उंट उधळले, माणसं त्यांच्या मागे पळाली, आणि दोन्ही वाळवंटात दिसेनाशी झाली. राहिली त्यांची गुरं, शेळ्यामेंढ्या आणि आम्ही.

आता म्हाताऱ्या द्रष्ट्याने निघण्याआधीच बजावलं होतं की ही लढाई परमेश्वर लढणार, तेव्हा लूट परमेश्वराची. सगळं त्याच्या नावाने सोडलेलं. जाळायचं, मारायचं, पण नखाएवढं कोणी घ्यायचं नाही. घेईल त्याला दगडांनी मारायचं. इतकं सांगून तो आपल्या गावी गेला. द्रष्टा असा पाठ फिरवून गेला की काय होतं, ते तू ओळखशील. महाराज मूळचे खळ्यावरचे, सांडलेला दाणा वाकून उचलणारे. एवढ्या लठ्ठ मेंढ्यांची चरबी धुरात जाणार, हे त्यांना बघवेना. त्यांनी असा तोडगा काढला: रोगट, लंगडी, म्हातारी जनावरं आत्ता देवासाठी जाळायची. धष्टपुष्ट मागे ठेवायची, ती पुढे वेदीवर सावकाश अर्पण करायची. आणि अर्पणाचं मांस कोण खातं, हे आपल्या गावच्या मांजरालाही ठाऊक आहे.

निवड करायला मेंढपाळी केलेला माणूस हवा होता. मी दोन हिवाळे केली आहे, त्यामुळे काठी माझ्या हातात आली. महाराजांचा पशुपाल मल्लूख सावलीत बसून बोट दाखवतो, मी काठीने वळवतो. उजवीकडे महाराजांचं, डावीकडे देवाचं.

मुख्य सांगायचं राहिलंच. शोबाल मीठवाला हे खापर घेऊन येतोय, त्याच्याबरोबर एक शेळी पाठवली आहे. तुझ्या लेकीला, अक्साला, दूध येत नाही आणि तिचं बाळ रात्रंदिवस रडतं, असं तू मागे त्याच्याच तोंडी कळवलं होतंस. ही दुभती आहे. पाय थोडा लंगडा आहे, पण दूध पायातून येत नाही. एका म्हातारीला विहिरीतून पाणी काढून दिलं, तिने खुशीने दिली.

एन-राम, गव्हाची कापणी

एल्द्या, तुला क्षेम, निदान मी येऊन तुझा कान धरेपर्यंत तरी.

टोपली मिळाली नाही. शेळी मिळाली. पहिल्या दिवशी तिने धार देताना भांडं लाथाडलं, शोबालला शिंग मारलं आणि माझी ओली सुरई चाटून वाकडी केली. दुसऱ्या दिवशी अक्सा फडक्याची वात दुधात बुडवून ओरेनबाळाच्या तोंडात देत बसली. तो चोखत राहिला, आणि मग, एल्द्या, घरात शांतता झाली. किती दिवसांनी चाक फिरल्याचा आवाज मला ऐकू आला. बाळाच्या मनगटाला आता वळी पडायला लागली आहे. अक्सा पहाटे त्याला उचलते तेव्हा आधी श्वास चालू आहे का बघायची, आता बघत नाही. एवढ्यासाठी तुला शंभर आशीर्वाद देणार होते.

पण मग मी शेळीचा कान पाहिला.

उजव्या कानाला तीन खाचा आहेत, सुरीने पाडलेल्या. शोबालला विचारलं, तर तो मीठ मोजता मोजता म्हणाला, "त्या लुटारूंची सगळीच जनावरं अशी असतात, आत्याबाई. तीन खाचा म्हणजे त्यांचीच." असं म्हणाला आणि माझ्या तोंडाकडे बघून पुन्हा मीठ मोजू लागला. तेव्हापासून मला मीठ जास्त घालतोय, त्यालाही कळलं असावं.

तर मला सांग, त्या म्हातारीचं नाव काय? कोणत्या कुळातली? विहीर कुठे आहे? वाळवंटात आपल्या हाताला पाणी लागत नाही आणि तुला विहिरीसकट म्हातारी सापडली. लहानपणी तू माझा मध चाटलास तेव्हाही एक अस्वल सांगितलं होतंस, आणि त्या अस्वलाच्या दाढीला मध तुझ्याच हनुवटीचा होता.

देवाच्या नावे सोडलेली वस्तू घरात आली की घरही देवाच्या नावे सोडलं जातं, हे तुला वेशीवरच्या म्हाताऱ्यांनी शिकवलं नाही का? की तेव्हाही कुठे शिंग वाजत होतं? ही शेळी मारावी तर बाळ उपाशी. ठेवावी तर आम्ही तिघं दगडांखाली. विकावी तर घेणाऱ्याचं घर बुडवल्याचं पाप. खरं काय ते लिही. खोटं लिहिलंस तर मला कळेल, तू खोटं लिहिताना अक्षर चांगलं काढतोस.

तळ, कापणीनंतरचा सण उलटल्यावर

आत्या, हे बघ, अक्षर वाईट काढलंय.

म्हातारी नव्हती. विहीरही नव्हती. शेळी देवाच्या वाट्यातली आहे.

पण माझं ऐकून तरी घे. डावीकडच्या कळपात ती उभी होती, कासेला दूध दाटलेलं, आणि दुधाच्या भाराने ओरडत होती. मल्लूखाने तिच्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "लंगडी. जाळायला." मी म्हटलं, "दुभती आहे, काका." तो म्हणाला, "मग दुधासकट जाळ. देवाला काय फरक पडतो." मला त्या वेळी ओरेनचं रडणं आठवलं. मी ते कधी ऐकलेलंही नाही, तरी आठवलं.

आणि विचार कर, मी उजवीकडची घेतली असती तर? महाराजांच्या प्रत्येक मेंढीचा हिशेब मल्लूख ठेवतो, पाठीवर गेरूचा ठिपका लावतो. देवाच्या ढिगाकडे कोणी ढुंकून बघत नाही. मी इथे आल्यापासून हे शिकलो, आत्या: राजाचं चोरलं तर संध्याकाळी हात जातो. देव मोजत बसत नाही. आणि तसंही राजाने देवाच्या उजव्या हाताखालून अख्खा कळप ओढला, मी डाव्या हाताखालून एक लंगडी.

हे मी रेखेमला, म्हणजे त्या शीळवाल्याला, नाव न घेता एक गोष्ट म्हणून सांगितलं. तो म्हणाला, "त्या माणसाला सांग, गोष्ट इथेच थांबव." तेव्हापासून तो माझ्याकडे बघून घुबडाची शीळ घालतो.

काळजी करू नकोस. इथे कोणाच्या लक्षात नाही. महाराजांनी अर्पणाचा दिवस अजून ठरवला नाही. जनावरं वजन धरतायत, म्हणतात. रोज एखादी मेंढी "पाय मोडला" म्हणून कापली जाते. इतके पाय मोडणारा मुलूख मी पाहिला नाही. माझ्याही वाट्याला परवा रस्सा आला. मी खाल्ला नाही असं लिहिलं असतं, पण तू अक्षर बघशील.

तोवर एवढंच कर की तिच्या कानावर काहीतरी बांध. पानगळ व्हायच्या आत मी येतो.

एन-राम, द्राक्षवेली छाटायचे दिवस

एल्द्या, हे लिहायला धड खापर शोधायची सवड नाही. तुझ्या आतोबांनी भाजलेला शेवटचा रांजण मी फोडला आहे. यावरून समज.

द्रष्टा इथे येऊन गेला.

काल दुपारी मी भट्टीत लाकडं सारत होते. वळून बघते तर दारात म्हातारा उभा, गुडघ्यापर्यंत धूळ, आणि दाढीत चिमणीने घरटं करावं एवढा काटेकचरा. म्हणाला, "बाई, खालच्या विहिरीचा दोर तुटला आहे. घोटभर काही मिळेल का?" मी ओळखलं. पाहुण्याला नाही म्हणायचं नाही, आणि घरात पाणी मातीत कालवलेलं. अक्सा तेवढ्यात शेळी पिळून वाटी भरून बाहेर आली. तिला काय ठाऊक कोण आहे. तिने वाटी सरळ त्याच्या हातात दिली.

प्यायला. दाढी पुसली. म्हणाला, "आणखी आहे?" दुसरी वाटी प्यायला.

मी उभी होते आणि मनात म्हणत होते, होग्ला, तू देवाच्या माणसाला देवाच्याच चोरलेल्या शेळीचं दूध पाजलंस, यापुढे आता करण्यासारखं काही उरलं नाही.

मग तो ओरेनला मांडीवर घेऊन बसला. पोराने त्याची दाढी धरली आणि सोडेना. म्हातारा म्हणाला, "बाळसं चांगलं धरलंय. कोणाचं दूध?" अक्सा म्हणाली, "शेळीचं, बाबा." तो अंगणाकडे बघायला लागला. तिथे ती उभी, तुझ्या सांगण्यावरून मी डोक्यावर माझं फडकं गाठ मारून बांधलेलं, हनुवटीखाली, एखादी सासुरवाशीण उभी असावी तशी.

"हिला काय झालं?" त्याने विचारलं.

"कान दुखतो, बाबा," मी म्हटलं.

"कुठला?"

"उजवा."

"हं," म्हणाला. एवढंच. मग उठला, बाळाच्या डोक्यावर हात ठेवला आणि तळाकडे जायची वाट विचारली. म्हणाला, "महाराजांच्या तळावर जनावरं राखून ठेवली आहेत असं माझ्या कानावर आलं आहे. कोणी ठेवली, ते खडे टाकून, देवाचा कौल घेऊन काढायचं आहे." जाताना वेशीपाशी वळून आमच्या घराकडे बघून गेला.

एल्द्या, पळ. हे खापर वाचत उभा राहू नकोस. खडे पडले की लोकांतून कुळ निघेल, कुळातून घर निघेल, आणि घरातून तू. राजे लोक स्वतःचं खापर स्वतःच्या डोक्यावर फुटू देत नाहीत. काठी तुझ्या हातात होती, एवढं त्यांना पुरेल.

आणि सापडलासच, तर द्रष्ट्याला विचार: "बाबा, आत्याने विचारलंय, दूध पोटाला बाधलं नाही ना?" मग त्याला कळू दे कोणाची शेळी ती. तुला दगड पडायचा असेल तर पहिला त्याने स्वतःच्या पोटावर मारून घ्यावा. देवाच्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण मी लिहितेच आहे.

शोबालला सांगितलंय, गाढव पळव.

तळ, अंजिरं पिकली

आत्या, तुझा रांजण काल पोचला. शोबालचं गाढव वाटेत व्यायलं. आता आधी घडलेलं ऐक, कारण म्हातारा तुझ्या रांजणाच्या पुष्कळ आधी पोचला.

तो आला तेव्हा महाराज जेवत होते. काय जेवत होते ते सांगायला नको. उठून पुढे झाले, हात पसरले, "यावं, यावं, परमेश्वराने सांगितलं ते सगळं मी केलं." त्याच वेळी मागे गोठ्यात सगळी मेंढरं एका सुरात ओरडायला लागली. रेखेमने नंतर शपथेवर सांगितलं की पहिला आवाज त्याने काढलेला नव्हता.

म्हाताऱ्याने गोठ्याकडे मान वळवली. महाराजांनी इकडे तिकडे बघितलं आणि म्हणाले, "ही लोकांनी ठेवली. अर्पणासाठी. मी म्हटलं, भक्ती आहे, असू दे." आणि मल्लूख पुढे होऊन म्हणाला, "निवड या पोराने केली." त्याच्या बोटाला माझ्याकडे वळायची सवयच होती.

"निवड तू केलीस?" म्हाताऱ्याने विचारलं.

"काठी माझी होती, बाबा," मी म्हटलं. "बोट काकांचं."

रेखेम मागून खोकला. कोणी हसलं नाही.

मग म्हाताऱ्याने आम्हाला दोन बाजूंना उभं केलं. एका बाजूला महाराज, त्यांचे मुलगे, मल्लूख. दुसऱ्या बाजूला आम्ही सगळे. याजकाच्या पिशवीत दोन खडे, पांढरा आणि काळा. दोष लोकांचा तर पांढरा, राजघराण्याचा तर काळा. आत्या, माझ्या बाजूच्या सगळ्यांचे चेहरे निश्चिंत होते. रस्सा खाल्ला असेल, पण आपण नाही ठेवली, हे ज्याला त्याला ठाऊक. त्या गर्दीत खराखुरा चोर एकटा मी. मला वाटत होतं, त्या पिशवीत हात घालणाऱ्याला माझ्याच नावाचा खडा लागेल, पांढरा, दुधासारखा. देव मोजत बसत नाही असं मी तुला लिहिलं होतं. त्या क्षणी ते खापर परत मागून चाटून पुसावंसं वाटलं.

काळा आला.

महाराज म्हणाले, "पुन्हा." पुन्हा काळा. महाराज म्हणाले, "याजक बदला." दुसऱ्या याजकाने डोळे मिटून हात घातला. काळा. गोठ्यातली मेंढरं गप्प झाली होती.

महाराज खाली बसले. तेव्हा प्रथमच मला त्यांची दया आली. भल्या मोठ्या ताटापुढे बसलेला आणि भूक गेलेला माणूस. म्हाताऱ्याने त्यांना जे सांगायचं ते हळू आवाजात सांगितलं, पण परतताना त्याचा चेहरा बघून सगळ्यांना कळलं. त्यांचं राज्य त्या दुपारीच गेलं. गादीवर ते अजून बसतील, वर्षं निघतील, शिंगं वाजतील. देवाच्या लेखी मात्र ते गेलंय. जनावरं आम्ही त्याच दिवशी जाळली. धूर असा होता की तळावरची कुत्रीसुद्धा दूर जाऊन बसली.

मी ओढ्यावर हातांची काजळी धूत होतो. मागे म्हातारा येऊन उभा राहिला.

"एन-रामचा तू?" म्हणाला.

तुझा निरोप माझ्यापर्यंत पोचला नव्हता, त्यामुळे दुधाचं काही बोलायला मला सुचलं नाही. मी सरळ गुडघ्यांवर बसलो आणि म्हटलं, "बाबा, देवाच्या ढिगातली एक कमी आहे."

"ठाऊक आहे. लंगडी."

"कोणी सांगितलं?"

"ज्याच्या वाट्यातली गेली त्याने." मग दाढीतला एक काटा काढून ओढ्यात टाकला आणि म्हणाला, "आणि शेळीला डोईचं फडकं बांधणारी बाई मी या वयात पहिल्यांदा पाहिली."

मी विचारलं, "मग तुम्ही दूध कसं प्यायलात?"

"देवाची शेळी. मी कोणाचा माणूस आहे?"

मला थोडा धीर आला, म्हणून मी बोलून गेलो की महाराजांना एवढी शिक्षा आणि मला... त्याने वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "चोर तो चोरच. फक्त त्याने चोरून वर देवालाच जेवायला बोलावलं. तू निदान तेवढा निर्लज्ज नव्हतास. तुलाही शिक्षा आहे, ऐक."

ती अशी, आत्या. शेळी देवाची आहे, देवाचीच राहील. मारायची नाही, विकायची नाही, फडकं काढायचं. आधी बाळ पोटभर पिईल, मग उरलेलं दूध दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाचं, कोणीही असो, मागायची वाट न बघता. तू आणि अक्साने थेंबही घ्यायचा नाही. आणि ती जिवंत आहे तोवर तिला चारायची मी. रणशिंग वाजो, की आणखी काही वाजो. म्हणाला, "लंगडी शेळी दिवसभरात जाऊन येईल, तेवढा तुझा मुलूख."

रेखेमला हे सांगितलं तेव्हा तो इतका हसला की शीळ घालायची राहिली.

मी निघतोय. टोपली नवी विणून आणतो.

एन-राम, ऑलिव्ह झोडपायच्या आधी

एल्द्या, वाटेत कुठे रमला असशील, म्हणून हे लहानसं खापर समोरून पाठवते आहे. शोबालला भेटशील तिथे वाच आणि चालू लाग. शेळी तुझी वाट बघत नाही, पण मी बघते.

फडकं काढलं. तिने ते खाल्लं.

दूध वाटायला सुरुवात केली आहे. गावातल्या बायका नाकं मुरडून गेल्या, मग स्वतःच वाट्या घेऊन आल्या. मी वाटसरू हवा म्हटलं, तर वेशीबाहेर जाऊन वळून आल्या. ओरेन आता दाराशी बसून येणाऱ्याजाणाऱ्याची दाढी धरतो.

काल उन्हाच्या वेळी एक जण आला, चांगल्या कपड्याचा, पण एक चप्पल तुटलेली आणि मागे वळून वळून बघणारा. महाराजांची चाकरी सुटली म्हणाला, उत्तरेला भावाकडे चाललो. मी काही न विचारता वाटी भरून दिली. एका दमात प्यायला आणि डोळे मिटून म्हणाला, "आत्याबाई, आयुष्य जनावरांत गेलं माझं. इतकं गोड दूध कुठल्या शेळीचं?"

शेळी तेव्हा लंगडत अंगणात आली, तीन खाचांचा कान हलवत.

मी म्हटलं, "मल्लूखदादा, तुम्ही जाळायला काढलेलीच."

त्याने तिचा पाय बघितला, कास बघितली. मग त्याने वाटी पुन्हा पुढे केली.